एल. नेने आणि आमची काकू

गोष्ट २०२३ सालच्या श्रावणातली आहे. त्या वर्षी पंचांगात श्रावण दोन आले होते. आधी अधिक आणि मग निज. अधिकात अनारशांचे वाण, जावयाची सरबराई वगैरे सारे यथासांग पार पडले. निज श्रावण लागला मात्र, आणि पावसाने अशी काही दडी मारली की आभाळाकडे पाहून पाहून लोकांच्या माना दुखल्या.

आमच्या घरी सकाळचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची रीत आहे. काकूचे डोळे आता बारीक टायपाला दाद देत नाहीत, म्हणून धाकटी कन्या कॉलेजला जाण्यापूर्वी तिला ठळक बातम्या वाचून दाखवते. काकू समोर ताट घेऊन तुरीची डाळ निवडत असते आणि देशाच्या कारभारावर आपले मत देत असते. त्या दिवशी कन्येने वाचले, ‘एल निनोमुळे ऑगस्ट कोरडा.’

काकूचा डाळीतला हात थांबला.

“हे एल. नेने कोण गं? वेधशाळेत आहेत का?”

आम्ही सारे हसलो. खरे सांगायचे तर सर्वांत मोठ्याने मीच हसलो. काकूला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसेना. “आडनावावरून तर चांगल्या घरातले वाटतात. मग पाऊस कशाला अडवून बसलेत?” असे म्हणून तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग कन्येने तिला समजावून सांगितले, की हे कुणी नेने-बिने नव्हेत. लांबचा एक समुद्र आहे, त्याचे पाणी कधी कधी तापते, आणि ते तापले की आपल्याकडचा पाऊस बिघडतो.

“कुठला समुद्र?”

“पेरूचा.”

काकूने खिडकीतून मागच्या पेरूच्या झाडाकडे पाहिले, आणि घरात पुन्हा एकदा हशा पिकला. पेरू हा एक देश आहे हे कळल्यावर तिने विचारले, “मग हे दरसाल तापतं का?”

“नाही. दोन वर्षांनी, चार वर्षांनी, कधी सात वर्षांनी,” मी म्हणालो.

“मग बाहत्तर साली तापलं होतं का रे?”

आता मात्र कुणीच हसले नाही. कन्येला कारण ठाऊक नव्हते, पण मला ठाऊक होते.

काकू आमच्या घरात आली ती १९७२ सालच्या वैशाखात. बीड जिल्ह्यातले आमचे गाव, कोरडवाहू जमीन, एकत्र कुटुंब. मी सात वर्षांचा होतो आणि करवला म्हणून लग्नात मिरवलो होतो. लग्न झाले, मांडव उतरला, पेरण्या झाल्या आणि पाऊस गेला. जुलै कोरडा, ऑगस्ट कोरडा. विहिरीचा तळ दिसू लागला. दावणीचे बैल बाजारात कवडीमोलाने गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर गावी गेलो, तेव्हा घरात रेशनवरच्या मिलोची लाल भाकरी होती. गावाबाहेर रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, पोरांना सुकडी मिळत होती, आणि आमचे काका त्याच कामावर हजेरीपट लिहीत होते.

पाऊस का गेला, याचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर शोधून ठेवले होते. नवी सून पांढऱ्या पायाची निघाली! आधीचे १९७१ सालही ओढीचेच गेले होते, पण त्या साली घरात कुणी सून आलेली नव्हती, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. धान्य घ्यायला पैसे हवेत म्हणून काकूच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या, आणि ते तिच्या पायगुणाचे प्रायश्चित्त आहे असेच सगळ्यांनी धरून चालले.

मला ‘पांढऱ्या पायाची’ या शब्दांचा अर्थ कळत नव्हता. काकू चुलीपुढे बसली होती. मी वाकून तिचे पाय खरोखर पांढरे आहेत का ते पाहिले आणि मोठ्याने म्हणालो, “नाही गं आजी, काळेच आहेत!” सारे घर हसले. काकूही हसली आणि तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो गूळ मी चवीने खाल्ला. त्याची कडू चव मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली.

तेव्हा वाचकहो, “बाहत्तर साली तापलं होतं का?” हा प्रश्न हवामानाचा नव्हता. मी म्हणालो, “पाहून सांगतो.” आणि या सदरासाठी पुस्तके चाळण्याची जी मला सवय लागली आहे, तिचा आयुष्यात एकदा तरी घरच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून कामाला लागलो. जे हाती आले ते तुमच्याही पुढे ठेवतो.

प्रथम नावाचा उलगडा करू. पेरू देशाच्या उत्तरेकडच्या कोळ्यांना फार पूर्वीपासून एक गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या किनाऱ्यावरचे पाणी एरवी थंडगार असते. पण नाताळच्या सुमारास उत्तरेकडून उबदार पाण्याचा एक प्रवाह खाली येतो. नाताळ म्हणजे बाळ येशूचा जन्म. म्हणून त्यांनी त्या प्रवाहाचे नाव ठेवले ‘एल निनो’, म्हणजे ‘तो बाळ’. आपल्याकडे गोकुळाष्टमीच्या सरीला कुणी ‘बाळकृष्ण’ म्हणावे, तसेच हे. १८९२ साली कामिलो कारियो नावाच्या एका आरमारी कप्तानाने लिमा शहरातल्या भूगोल-मंडळापुढे या प्रवाहाची हकीकत मांडली, आणि कोळ्यांचे हे घरगुती नाव छापील कागदावर आले.

बहुतेक वर्षी हा बाळ गुणी असतो. चार-दोन आठवडे राहतो आणि जातो. पण काही वर्षी तो येतो आणि जाण्याचे नावच घेत नाही. वर्षभर ठाण मांडतो, आणि मग साऱ्या किनाऱ्याची दाणादाण उडते.

ही दाणादाण समजायला आधी तिथला सुकाळ समजला पाहिजे. विषुववृत्ताजवळचा देश म्हटला की समुद्र कोमट असायचा. पण १८०२ साली हुम्बोल्ट या जर्मन प्रवाशाने पेरूच्या किनाऱ्यावर पाण्याचे तापमान मोजले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा कितीतरी थंड निघाले. याचे कारण असे की तिथे वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खोल तळाचे थंड पाणी वर येते. हे तळाचे पाणी म्हणजे समुद्राचे शेणखत. वर्षानुवर्षे खाली गेलेले सारे सत्त्व त्यात असते. ते उन्हात आले की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर अँचोवेटा नावाचे लहान मासे पोसतात (आपल्या मांदेलीच्या कुळातलेच हे), आणि त्या माशांवर लाखो समुद्रपक्षी. त्या पक्ष्यांची विष्ठा तिथल्या बेटांवर डोंगराएवढी साठली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती खत म्हणून युरोपात जहाजे भरभरून गेली, आणि पेरूचा सरकारी खजिना कित्येक वर्षे त्या विष्ठेवर चालला. लक्ष्मी कुठल्या वाटेने येईल ते सांगता येत नाही, हेच खरे!

आता बाळाने ठाण मांडले की काय होते पाहा. उबदार पाण्याची जाड गोधडी किनाऱ्यावर पसरते. खालचे थंड पाणी वर येईनासे होते. मासे खोल किंवा दक्षिणेला निघून जातात, पक्षी उपाशी मरतात, कोळ्यांची जाळी रिकामी येतात. १९८२-८३ च्या एल निनोत गालापागोस बेटांवरचे पेंग्विन निम्म्याहून कितीतरी जास्त संपले. आणि याच वेळी, जिथे वर्षानुवर्षे पावसाचा टिपूस पडत नाही अशा उत्तर पेरूच्या वाळवंटात धो धो पाऊस कोसळतो. पूल वाहून जातात, मातीची घरे विरघळतात. १९९८ साली तर सेचुरा वाळवंटात एक भलेमोठे सरोवरच तयार झाले. गंमत अशी की जुन्या काळी तिथले धनगर या वर्षांना ‘सुबत्तेची वर्षे’ म्हणत, कारण वाळूवर गवत उगवे. एकाच पाण्याने कोळ्याच्या घरी चूल विझे आणि धनगराच्या घरी दूध उतू जाई.

हे पाणी तापते तरी का? त्यासाठी पेरूचा किनारा सोडून सारा पॅसिफिक महासागर डोळ्यांपुढे आणायला हवा. जुन्या घरातले आंघोळीचे घंगाळे आठवा. त्यात थंड पाण्यावर अलगद कढत पाणी सोडले, तर कढत वर राहते आणि थंड खाली. आता एका कडेने पंखा धरा. वरचे कढत पाणी पलीकडच्या कडेला गोळा होईल, आणि पंख्याच्या बाजूला खालचे थंड पाणी उघडे पडेल. पॅसिफिकमध्ये हेच घडते. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे हा तो पंखा. त्यांच्या जोरावर कढत पाणी इंडोनेशियाच्या अंगाला साठते. तिथली समुद्राची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते, आणि तापमान सुमारे आठ अंशांनी जास्त. त्या तापलेल्या पाण्यावरची दमट हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा उंचावरून पूर्वेकडे जाते आणि पेरूच्या बाजूला खाली उतरते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र चालू असते.

एखाद्या वर्षी पंखा मंदावतो. मग पश्चिमेला रचलेले कढत पाणी पूर्वेकडे परत सरकू लागते. ते सरकले की दोन्ही कडांच्या तापमानातला फरक कमी होतो. फरक कमी झाला की वारा आणखी मंदावतो. वारा मंदावला की पाणी आणखी सरकते. आधी वारा की आधी पाणी, हा प्रश्न आधी कोंबडी की आधी अंडे यासारखाच. पावसाचे ढगही पाण्याच्या मागोमाग मध्य पॅसिफिककडे निघून जातात. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया कोरडे पडतात. आणि उलट, एखाद्या वर्षी पंखा फारच जोरात फिरला, तर पूर्वेचे पाणी नेहमीपेक्षा गार होते. त्याला ‘ला निना’, म्हणजे ‘मुलगी’ असे नाव पडले आहे. मुलगा पाऊस पळवतो आणि मुलगी बहुधा पाणी भरते. हे मात्र आपल्या घरांतल्यासारखेच!

या गोष्टीचा अर्धा भाग आपल्या देशात सापडला, आणि तोही दुष्काळाच्या पोटी. १८७७ साली पाऊस गेला आणि लाखो माणसे मेली. १८९९ साली पुन्हा तेच झाले. गुजरात-राजस्थानात त्याला छपनिया दुष्काळ म्हणतात. त्या वर्षी सरकारी हवामान खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले होते, हे विशेष. तेव्हा १९०४ साली खात्याच्या प्रमुखपदी एक निराळाच माणूस आला. गिल्बर्ट वॉकर हा हवामानवाला नव्हताच. तो गणिती. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला पहिले आले. हे गृहस्थ त्यापूर्वी दहा वर्षे, १८८९ साली पहिले आलेले. बूमरँग फेकण्याचा एवढा नाद, की केंब्रिजमध्ये त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणत.

वॉकरसाहेबांनी आभाळाकडे पाहण्याऐवजी आकड्यांकडे पाहिले. जगभरच्या ठिकाणांचे वायुभार, पाऊस, तापमान यांचे तक्ते मागवले आणि कारकुनांच्या फौजेला त्यांची एकमेकांशी तुलना करायला बसवले. संगणक तर दूरच, साधी बेरजेची यंत्रेही दुर्मिळ होती. त्या ढिगातून एक विलक्षण तराजू निघाला. पॅसिफिकच्या एका पारड्यात वायुभार वाढला, की हिंदी महासागराच्या पारड्यात घटतो, आणि उलट. १९२४ साली निवृत्त होताना त्यांनी या हेलकाव्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव देऊन ठेवले होते. आज ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन या दोन ठिकाणांच्या वायुभारावरून तो मोजतात.

पुणेकरांना इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. पुण्यात सिमला कुठून आला, याचा विचार मी वीस वर्षे त्या थांब्यावर उतरूनही कधी केला नव्हता. वॉकरसाहेबांचे हे खाते तेव्हा सिमल्यात होते. १९२८ साली ते पुण्याला आले आणि सिमल्याचे नाव बरोबर घेऊन आले. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर मी काकूसाठी शोधत होतो, त्याच्या दारावरून मी रोज डबा घेऊन जात होतो!

वॉकरना तराजू दिसला, पण तो कशाने हलतो हे कळले नाही. पुष्कळांनी हा आकड्यांचा योगायोग म्हणून सोडून दिला. १९५८ साली साहेब वारले. त्याच सुमारास मोठा एल निनो चालू होता, आणि योगायोगाने तेच आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष असल्याने पॅसिफिकवर पुष्कळ जहाजे मोजमाप करीत होती. त्या नोंदींवरून याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन प्राध्यापकाने १९६९ साली दाखवून दिले, की पेरूच्या कोळ्यांचा बाळ आणि सिमल्याच्या साहेबांचा तराजू या दोन गोष्टी नव्हेतच. पाणी हलले की वायुभार हलतो, वायुभार हलला की पाणी. वर सांगितलेल्या त्या रहाटगाडग्याला त्यांनी वॉकर यांचेच नाव दिले.

आता आपल्या पावसाचे. एल निनोच्या वर्षी हवा वर चढण्याची जागा मध्य पॅसिफिककडे सरकली, की खाली उतरणारी हवा आपल्या मुलखावर येण्याचा संभव वाढतो. वरून हवा दाबत असली की ढग उठत नाहीत. उकळत्या भांड्यावर कुणी झाकण दाबून धरावे तसे. पण वाचकहो, इथे एक सावधगिरी. एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असे मुळीच नाही. १९९७ साली त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक आला. सारे धास्तावले, आणि आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. उलट २००२ साली मध्यम एल निनो होता, कुणी फारसे घाबरले नव्हते, आणि जुलैत देशाचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला.

असे का? याची दोन उत्तरे सापडली आहेत, आणि दोन्हींत आपल्या माणसांचा हात आहे. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि जपानचे यामागाता यांनी दाखवले, की हिंदी महासागराचाही स्वतःचा एक तराजू आहे. त्याची आफ्रिकेकडची बाजू तापली आणि सुमात्राकडची निवली, तर आपल्या पावसाला हात मिळतो. १९९७ साली तसे झाले होते. दुसरे उत्तर पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले कृष्णकुमार आणि त्यांचे सहकारी यांचे, २००६ सालचे. पाणी पेरूजवळ तापले तर आपल्याला तेवढी झळ नाही. ते मध्य पॅसिफिकमध्ये तापले तर ती जास्त. त्यांनी १३२ वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहिल्या, आणि सांगितले की प्रत्येक एल निनोत तीव्र दुष्काळ पडला नाही, पण जेव्हा जेव्हा तीव्र दुष्काळ पडला, तेव्हा तेव्हा एल निनो होता.

हे वाक्य वाचले आणि मी खुर्चीत सरळ बसलो. मग १९७२ साल काढून पाहिले.

होता. चांगला दणकट एल निनो होता. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी कमी पडला. आणि पेरूत? १९७० साली तिथल्या कोळ्यांनी सुमारे सव्वा कोटी टन अँचोवेटा पकडला होता; जगात कुठल्याही देशाच्या जाळ्यात एवढी मासळी येत नव्हती. १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आसपास आली. दोष एकट्या पाण्याचा नव्हता; आधीची हावही नडली होती. कारखाने बंद पडले, होड्या वाळूवर ओढून ठेवल्या गेल्या. त्या मासळीची भुकटी जगभर कोंबड्यांना आणि डुकरांना घालत. ती मिळेना, तेव्हा सोयाबीनवर उड्या पडल्या, भाव कडाडले, आणि १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच बंद केली. आमच्या गावच्या ज्या रानात बाहत्तर साली ज्वारी करपली, तिथे आज सोयाबीनच उभे असते!

म्हणजे ज्या महिन्यांत आमच्या काकूच्या पाटल्या मोडल्या, त्याच महिन्यांत हजारो मैलांवर कुणी कोळी आपली होडी विकत होता. दोघांचा सावकार एकच होता.

मग आज काय निराळे आहे? १९८२ साली एवढा मोठा एल निनो आला, तोही सुरुवातीला कुणाला कळला नव्हता. मेक्सिकोतल्या ज्वालामुखीच्या धुळीने उपग्रहांचे डोळे फसवले. त्यानंतर शहाणपण आले. विषुववृत्तावर पॅसिफिकभर सुमारे सत्तर बोये नांगरून ठेवण्यात आले; १९९४ च्या अखेरीस ते काम पुरे झाले. ते वारा मोजतात आणि पाचशे मीटर खोलपर्यंतचे पाणी किती तापले ते कळवतात. मध्य पॅसिफिकचे पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश वर जाऊन तिथेच राहिले, की धोक्याची घंटा वाजते. अर्धा अंश म्हणजे आपल्या घरात कुणी तापही म्हणणार नाही. पण एवढा मोठा देह अर्ध्या अंशाने तापला, की जग कण्हू लागते. म्हणून आता निदान काही महिने आधी सूचना मिळते. बियाणे कुठले घ्यावे, धरणातले पाणी कसे पुरवावे, डाळ कधी मागवावी, याचा विचार करायला वेळ मिळतो. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला, आणि २०१५ च्या दिवाळीत तुरीची डाळ दोनशे रुपये किलो झाली होती, हे गृहिणींना सांगायला नको.

बाहत्तरच्या दुष्काळातूनही एक चांगली गोष्ट निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या खडीच्या ढिगांवर वाढली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क महाराष्ट्राने आधी लिहून ठेवला. पाऊस पाडणे सरकारच्या हाती नसते. माणसाला उपाशी न ठेवणे असते.

असो. ही सारी जमवाजमव करून एका संध्याकाळी मी काकूपुढे बसलो आणि घंगाळ्यापासून बोयांपर्यंत सर्व सांगितले. ती वाती वळत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. माझे संपल्यावर म्हणाली, “म्हणजे ते पाणी माझ्या लग्नाच्या आधीच तापायला लागलं होतं?”

“हो. तुझी बोलणी चालू होती तेव्हाच त्याचं तापणं सुरू झालं असणार.”

काकूने दोन वाती वळल्या. मग विचारले, “त्या कोळ्यांच्या घरी त्या साली आलेल्या सुना असतील ना रे? त्यांना काय काय म्हणाले असतील?”

याचे उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने मला गावी फोन लावायला सांगितला. मला वाटले, मंगळागौरीचे विचारायचे असेल. कारण धाकट्या काकांच्या मुलाचे त्याच वैशाखात लग्न झाले होते, आणि पुतणसुनेची ती पहिली मंगळागौर. पण काकूच्या कानावर काही निराळेच आलेले होते. सोयाबीन माना टाकू लागले होते, आणि ओसरीवर कुणीतरी जुनेच शब्द नव्याने उच्चारले होते. काकू दिराशी मोठ्या आवाजात बोलत होती. पन्नास वर्षांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

“हे बघा भावजी, ऑगस्टात एवढा कमी पाऊस देशात सव्वाशे वर्षांत झाला नव्हता म्हणतात. साऱ्या देशात काय तुमचीच सून फिरून आली? पेरूच्या समुद्रात जाऊन विचारा. तिला कुणी काही बोललेलं मला खपणार नाही. मी ऐकलं, ती ऐकणार नाही.”

फोन ठेवून ती देवघरात गेली. मला माझा गुळाचा खडा आठवला. त्या साली काय म्हणालो होतो त्याची क्षमा मागावी असे वाटले, पण शब्द सापडेनात. मी एवढेच म्हणालो, “काकू, मी लहान होतो गं.” ती म्हणाली, “तू तर काळेच आहेत म्हणाला होतास. घरात खरं बोलणारा तूच एकटा होतास.”

२०२४ साली एल निनो ओसरला आणि पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला. आमच्या मराठवाड्यातही चांगला झाला. तो पुतणसुनेच्या पायगुणाने झाला, असे मात्र कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. काकूने हे ध्यानात ठेवले आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते ऐकवते.

एल निनो हा कुणी माणूस नव्हे हे तिला आता पक्के ठाऊक आहे. तरी नेन्यांना तिने घरातून काढलेले नाही. फराळाच्या तयारीला बसली की म्हणते, “त्या नेन्यांना म्हणावं, दिवाळीला फराळाला खुशाल या. फक्त पावसाळ्यात येऊ नका. आणि आलातच, तर नाव स्वतःचं सांगा. पोरीबाळींच्या पायावर ढकलू नका.”